एकाच वर्षी जन्मलेले दोघे

उचिमुरा कान्झो यांचं ‘मी ख्रिस्ती कसा झालो’ हे आत्मकथन १८९५ साली तोक्योत छापलं गेलं, तेही इंग्रजीत. त्याच वर्षीच्या १० फेब्रुवारीला मुंबईत नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. दोघांचाही जन्म १८६१ चा. या योगायोगाला फार अर्थ नाही, पण एवढ्यावरून मी ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा काढलं आणि दोन्ही पुस्तकं आलटून पालटून वाचली. जपानमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला हे करून पाहण्यासारखं आहे.

उचिमुरांचे सुरुवातीचे प्रसंग वाचताना आपण परक्या घरात आहोत असं वाटतच नाही. सामुराई घरातला हा मुलगा, देव असंख्य, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एका देवाला अंडी खाल्लेली चालत नाहीत, दुसऱ्याला शेंगवर्गातलं धान्य. शाळेत जाता-येता वाटेतल्या प्रत्येक देवळापुढे थांबून प्रार्थना करायची, एखादा राहिला तर दिवसभर धास्ती. चातुर्मासात वांगं नाही, एकादशीला भात नाही, असल्या हिशेबात वाढलेल्या आपल्याला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे १८७७ साली हा मुलगा साप्पोरोच्या कृषी महाविद्यालयात गेला. अमेरिकन प्राध्यापक क्लार्क तोवर मायदेशी परतले होते, पण त्यांनी लिहिलेल्या प्रतिज्ञापत्रावर सह्या केलेले वरच्या वर्गातले विद्यार्थी नव्या मुलांच्या मागे लागले होते. उचिमुरा आधी देवळात गेले आणि ही परकी साथ थांबव म्हणून देवाला साकडं घातलं. शेवटी सही केली, ती बरीचशी दडपणाखाली. आणि मग, अगदी अनपेक्षितपणे, मोकळं वाटलं. देव एकच, म्हणजे मनधरणीही एकाचीच. डोक्यावरचं ओझं उतरल्याचा तो आनंद पुस्तकात इतका खरा उतरला आहे की त्याच्या जोडीला ठेवायला फारशी आत्मचरित्रं मला आठवत नाहीत.

तितकंच आवडलं ते चर्चच्या कर्जाचं प्रकरण. साप्पोरोच्या या तरुणांनी मेथडिस्ट मिशनकडून पैसे घेतले होते. पंथाबिंथाच्या पलीकडचं आपलं स्वतंत्र चर्च हवं म्हटल्यावर मिशनने पैसे परत मागितले. पोरांनी पोटाला चिमटा घेऊन ते फेडले. आत्म्याच्या मुक्तीची गोष्ट जमाखर्चापर्यंत आणणारा लेखक मला विश्वासाचा वाटतो.

मात्र पुढे पुस्तकाला एक भोक पडतं. आपल्या अंतरात एक पोकळी आहे असं उचिमुरा सांगतात, आणि ती भरायला अमेरिकेला निघतात. पोकळी कशाची, हे सांगत नाहीत. निघाले ते १८८४ साली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये त्यांचं लग्न झालं होतं आणि काही महिन्यांतच ते मोडलं होतं. पुस्तकात त्या लग्नाचा पत्ता नाही. अ‍ॅमहर्स्टमधला पश्चात्ताप, कृपेचा अनुभव, सगळं तारीखवार येतं. जी बाई मागे राहिली ती येत नाही. परक्यांसाठी परक्या भाषेत लिहिलेल्या पुस्तकात घरातलं कशाला, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. स्वातंत्र्य मिळालं म्हणायचं, तर त्याची किंमत कोणी मोजली हेही सांगायला हवं.

आणि इथेच लक्ष्मीबाई सगळ्यांच्या पुढे निघून जातात. टिळकांनी धर्म बदलला तेव्हा या बाईंना विचारलं कोणी नव्हतं. काही वर्षं नातेवाइकांच्या आश्रयाने, मुलाला घेऊन, लोकांची बोलणी खात काढली. ते सारं त्यांनी लिहिलं आहे, आणि हसत लिहिलं आहे. नवऱ्यावर राग आहे, माया आहे, दोन्हींचा आडपडदा नाही. शिवाय त्यांची स्वतःची मुक्तता नवऱ्याच्या मागोमाग आयती आलेली नाही. सोवळंओवळं त्यांच्या हाडीमाशी खिळलेलं. जात माणसानेच केली हे त्यांना विचार करता करता स्वतः उमगलं, तेही बाप्तिस्म्याच्या आधी. उचिमुरा एका सहीने सुटले, लक्ष्मीबाई पाण्याच्या एकेका घोटाने सुटल्या. मला दुसरी सुटका जास्त टिकाऊ वाटते.

उचिमुरांवर अन्याय नको, म्हणून हेही सांगते. पुस्तक १८८८ साली ते मायदेशी परतले तिथे संपतं, आणि खरी परीक्षा त्यानंतर झाली. जानेवारी १८९१ मध्ये, ते शिकवत असलेल्या सरकारी विद्यालयात, सम्राटाची सही असलेल्या शिक्षणविषयक आज्ञापत्रापुढे ते पुरेसे वाकले नाहीत. देशद्रोही म्हणून गदारोळ उठला, नोकरी गेली. त्यातच ते न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले. त्यांची शुश्रूषा करणारी पत्नी काझुको त्याच वर्षी वारली. येशू आणि जपान ही आपली दोन प्रेमं, असं म्हणणाऱ्या माणसाला दोन्हींकडून मार बसला. पाश्चात्त्य मिशनऱ्यांशीही त्यांचं कधी जमलं नाही. पुढे त्यांनी ‘मुक्योकाई’ म्हणजे चर्चविरहित ख्रिस्ती पंथ उभा केला: पाद्री नाही, बाप्तिस्म्याची सक्ती नाही, बायबल वाचायला जमायचं एवढंच.

टिळक १९१७ साली जवळजवळ याच वाटेवर आले. अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी. तुकोबांच्या अभंगावरून ख्रिस्ताकडे जाणारी वाट आपल्याला सापडली अशी त्यांची श्रद्धा होती. दोघांना एकमेकांची काही माहिती असल्याचं माझ्या वाचनात नाही. १९१९ मध्ये टिळक गेले आणि दरबार फार काळ टिकला नाही. मुक्योकाई टिकली, पण तीही एकेका ‘सेन्सेई’भोवती जमलेल्या मंडळांच्या रूपात. संस्था नको म्हणणाऱ्यांनाही गुरू लागतोच, हे आपल्या संप्रदायांवरून आपल्याला ठाऊक आहे. लक्ष्मीबाईंनी ना पंथ काढला ना शिष्य केले. त्या आपल्या आठवणी लिहीत राहिल्या, १९३६ साली जाईपर्यंत.