जागरणगीतांतील पुनरुक्ती

पारनेर तालुक्यात पिंपळगाव रोठा येथे कोरठण खंडोबाचे क्षेत्र असून पौष पौर्णिमेस तेथे यात्रा भरते. खंडोबा ज्यांचे कुलदैवत, त्या घरांत लग्नकार्यानंतर जागरण घालण्याची रूढी आहे. या जागरणात वाघ्या-मुरळी जी गीते गातात, ती छापताना संपादक बहुधा धृपद एकदाच देतात व पुढे त्याचे आद्याक्षर टाकून मोकळे होतात. कागदाची बचत होते, हे खरे. परंतु अशा संहितेवरून ही गीते काव्यदृष्ट्या सामान्य आहेत असा अभिप्राय देणे, हा अन्याय होय.

आवाहनाचेच गीत घ्यावे. अर्थ पाहू जाता ते गावोगावच्या दैवतांना जागरणास येण्याचे आमंत्रण, म्हणजे निव्वळ नामावळी. प्रत्यक्ष श्रवणात मात्र तुणतुण्याचा एकच स्वर, दिमडीचा ठेका आणि मुरळीच्या हातातील घाटीचा नाद यांची वीण अखंड चालू राहते. धृपद तेच असते, बदलते ते केवळ क्षेत्राचे व दैवताचे नाव. लय इतक्या हळूहळू चढते की, ती चढल्याचे ध्यानात येते तेव्हा श्रोता तिच्यात गुंतलेला असतो. जागरणाच्या अखेरीस वाघ्या लोखंडी लंगर तोडतो, त्या क्षणाचे बळ या दीर्घ प्रतीक्षेतून आलेले असते. याला उन्माद म्हणण्याचा प्रघात मला दिशाभूल करणारा वाटतो. एखाद्याच्या अंगात येत असतानाही दिमडी वाजविणाऱ्याचा ठेका ढळत नाही.

पाश्चात्त्य विद्युत्-संगीतात ‘ट्रान्स’ नावाचा जो प्रकार आहे, त्यातील एक उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. ‘एनर्जी ५२’ या नावाने १९९३ मध्ये जर्मनीत निघालेल्या ‘कॅफे देल मार’ या रचनेची स्वरावली मूळची नव्हे. बेल्जियन संगीतकार विम मेर्टेन्स यांच्या १९८३ मधील एका रचनेवर ती आधारलेली आहे. स्वरलिपीत ती दोन-चार ओळींत मावेल. तरीही १९९७ मधील तिच्या नव्या संस्करणासह ही रचना आजही आवडीने ऐकली जाते. कारण सम ठोक्यावर थरांमागून थर चढत जातात, मध्येच ठोका काढून घेतला जातो, आणि तो परतेपर्यंत ऐकणारा खोळंबून राहतो. अर्थात तेथे देव नाही, नवसही नाही, साम्य रचनेपुरतेच.

तेव्हा निदान एका जागरणाची संहिता तरी प्रत्येक धृपदाच्या आवर्तनसंख्येसह व लयबदलाच्या खुणांसह, संपूर्ण छापली जावी. पाने वाढतील, ती वाढू द्यावीत.