ज्ञानकोशाचे द्वारपाल

विकिपीडिया हा आंतरजालावर सर्वांनीं मिळून लिहावयाचा ज्ञानकोश. तथापि त्याच्या दारांतहि चौकशी होतेच. ज्याच्याविषयीं इतरत्र विश्वसनीय ग्रंथांत वा पत्रांत पुरेसें लिहिलें गेलें नाहीं, त्याच्यावरील लेख तेथें टिकत नाहीं. हा नियम आम्हांस मान्य आहे. तो नसता तर हा कोश आत्मस्तुतीचा बाजार झाला असता. परंतु नियम लावणारा डोळस हवा. कॅनडांतील पदार्थविज्ञानवेत्त्या डॉना स्ट्रिकलंड यांच्यावरील लेखाचा मसुदा इंग्रजी विकिपीडियाच्या तपासनिसानें मे २०१८ मध्यें याच कारणास्तव परत केला. लेसरच्या अतितीव्र स्पंदांविषयींचें त्यांचें संशोधन १९८५ सालचें; अमेरिकेंतील प्रकाशविज्ञान-संस्थेचें अध्यक्षपदहि त्यांनीं २०१३ सालीं भूषविलेलें. विद्वानांची योग्यता अशा पदांवरूनहि ठरवावी, असें त्याच कोशाचें स्वतंत्र कलम सांगतें! मसुद्यांत आधार थोडे होते हें खरें. पण ते शोधावयास हात देणें हें द्वारपालाचें काम नव्हे काय? त्याच संशोधनांतील त्यांचे सहकारी जेरार मुरू यांच्यावर मात्र लेख पूर्वींपासूनच होता. २ ऑक्टोबर २०१८ रोजीं या दोघांस मिळून नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग जाहीर झाला, आणि त्याच दिवशीं बाईंवरील लेख कोशांत आला.