चिंचोक्यांचा आठवडा

कोकणातल्या एका गावच्या बालवाडीत आषाढातला एक आठवडा बसून पाहिला. विषय होता ‘बिया’. ताईंच्या टाचणवहीत सहाच ओळी: सोमवारी बिया गोळा करणे, मंगळवारी स्पर्श, बुधवारी पेरणी, गुरुवारी गाणी-गोष्ट, शुक्रवारी चिकटकाम, शनिवारी खाऊ. वहीत वाचताना सपक वाटणाऱ्या या ओळींमागे किती जाणतेपण आहे, ते वर्गात उलगडत गेलं.

सोमवारी मुलं घरून बिया घेऊन आली. चिंचोके, आंब्याच्या कोयी, फणसाच्या आठळ्या, जांभळाच्या बिया, वाल, सागरगोटे. मोहरी-तीळ आणू नका, असं आधीच सांगून ठेवलं होतं. चार वर्षांच्या मुलाच्या हातातली बारीक बी नाकात-कानात जायला वेळ लागत नाही. एकीच्या मुठीत गुंजा निघाल्या, लालभडक, काळ्या टिकलीच्या. ताईंनी त्या कौतुकाने सगळ्यांना दाखवल्या, झाकणाच्या बरणीत घातल्या आणि बरणी वरच्या फळीवर ठेवली. गुंज विषारी असते. पण मुलीचा हिरमोड न होता तिचा ठेवा तिच्या हातून सुटला, आणि बरणीतून तो सगळ्यांना दिसतही राहिला.

मग सगळा ढीग सतरंजीवर ओतून ताई गप्प बसल्या. मला हा आठवड्यातला सर्वांत देखणा भाग वाटतो. ‘रंगाप्रमाणे वेगळ्या करा’ असं त्या म्हणाल्या असत्या, तर काम झटपट उरकलं असतं आणि विचार ताईंचाच राहिला असता. इथे कुणी लहान-मोठ्या बिया वेगळ्या केल्या, कुणी गुळगुळीत आणि केसाळ. एकाने दोन ढीग लावून सांगितलं, “ताई, या खायच्या आणि या खेळायच्या.” आठळ्या, वाल एकीकडे; सागरगोटे, चिंचोके दुसरीकडे. शेजारची लगेच म्हणाली, “आमची आजी चिंचोके भाजून खाते!” तो क्षणभर थांबला आणि त्याने चिंचोक्यांचा तिसरा ढीग केला. आपण लावलेली वर्गवारी अपुरी आहे हे ओळखून ती बदलणं, हे मोठ्यांनाही सहज जमत नाही.

बियांच्या या टोपलीला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी काम उभं केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. माँटेसरींची महागडी साधनं गावाला परवडणारी नव्हती, म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे हेच साधन झालं. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. अंगणवाडी ती हीच. पुढे १९५७मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बियांकडे मात्र नुसती स्वस्तातली सोय म्हणून पाहू नये. माँटेसरींच्या साधनात एका वेळी एकच गुण बदलतो. मनोऱ्याचे ठोकळे एकाच रंगाचे, फरक फक्त आकारमानाचा. बियांमध्ये रंग, वजन, वास, खरखरीतपणा सगळंच एकदम हातात येतं आणि त्यातलं काय निवडायचं ते मूल ठरवतं. माझं मन या दुसऱ्या वाटेकडे ओढ घेतं. तिथे ताईंची नजर मात्र फार तयार लागते.

मंगळवारी कापडी पिशवीत हात घालून न बघता बी ओळखायची होती. कोय सगळ्यांनी ओळखली, आठळी आणि सागरगोटा यांत गल्लत झाली.

बुधवारी करवंट्यांत माती भरून पेरणी. पेरण्याआधी ताईंनी चिंचोक्यांच्या दोन सारख्या ओळी मांडल्या. एका मुलाने आपली ओळ पसरून लांब केली आणि आनंदाने सांगितलं, “आता माझे जास्त झाले!” स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांनी या वयाच्या मुलांत नेमका हाच समज नोंदवला आहे: ओळ लांबली की संख्या वाढली. ताईंनी त्याला खोडलं नाही. “मग प्रत्येक करवंटीत एक-एक ठेवून बघ,” एवढंच म्हणाल्या. दोन्ही ओळींना करवंट्या सारख्याच लागल्या. तो बराच वेळ करवंट्यांकडे पाहत राहिला. पटलं असं काही म्हणाला नाही.

पेरायला बिया तीन: रात्रभर भिजवलेले मूग, वाल आणि चिंचोका. मूग दुसऱ्या दिवशी मोड दाखवतो, वाल वाट पाहायला लावतो, चिंचोका त्या आठवड्यात काही उगवत नाही. आठवडा संपला तरी एक करवंटी कोरीच राहावी, ही योजना मला फार आवडली. मुलं रोज आल्या आल्या तिच्याकडे धाव घेत होती.

गुरुवार मात्र खटकला. गाणं झकास झालं, पण नंतर रंगवायला छापील कागद आले आणि त्यांवर सफरचंद! खोलीभर फणसाचा वास सुटलेला असताना हे कशाला?

शुक्रवारी कणकेच्या खळीने बिया पुठ्ठ्यावर चिकटवल्या. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांच्या चिमटीत चिंचोका उचलायचा, खळीत बुडवायचा, नेमक्या जागी टेकवायचा. ‘लिहायला कधी शिकवणार?’ असं विचारणाऱ्या पालकांनी ही तीन बोटं निरखून पाहावीत. पेन्सिल याच बोटांत येणार आहे आणि ती बोटं इथे तयार होत आहेत.

शनिवारी मोड आलेल्या मुगाची उसळ. एकीने वाटी दूर सारून विचारलं, “ताई, पोटात झाड येईल?”

“तुम्हाला काय वाटतं रे?” ताईंनी सगळ्यांना विचारलं. एकजण म्हणाला, येणार नाही, पोटात माती नसते. दुसरा म्हणाला, पाणी तर असतं. तिसरी म्हणाली, अंधारात उगवत नाही. तिला लगेच आठवण करून दिली गेली की मूग तर फडक्यात बांधूनच ठेवले होते. शेवटी मुलांनीच ठरवलं की शिजलेला मूग पेरून बघायचा. पुढच्या आठवड्याचा विषय फळ्यावर आधीच लिहिलेला होता, ‘पाणी’. ताईंनी तो तसाच ठेवला आणि सोमवारच्या पहिल्या तासापुढे लिहिलं: उसळ पेरणे.