‘क्रिस्तपुराण’ वाचताना

मुरुड तालुक्यातील कोर्लईत ख्रिस्ती घरांची बोली वेगळी, शाळेची मराठी वेगळी. एका आशयाला दोन शब्द असतात, हे तेथील वाचकाला सांगावे लागत नाही. तरीही १६१६ साली छापलेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ उघडताच नवशिका वाचक ‘वैकुंठ’ या शब्दाशी अडखळतो आणि ‘हे आपले नव्हे’ म्हणून ग्रंथ मिटतो. रूढ अर्थ तोच काव्यार्थ, ही पहिली चूक. येथे वैकुंठ म्हणजे ख्रिस्ती स्वर्ग. तो अर्थ भोवतीच्या ओव्या देतात. दुसरी चूक, मराठीच्या स्तुतीच्या ओव्या तेवढ्या सुट्या उचलण्याची. परदेशातून आलेला कवी तेथे आपल्या भाषानिवडीचे कारण सांगत आहे. शास्त्रपाठातील वचन आपण संदर्भासह वाचतो. काव्यालाही तोच न्याय द्यावा.