ॐकाराचे आलेख आणि ध्रुपदाची साक्ष

भोपाळ शहराचे नाव निघाले की १९८४ च्या डिसेंबरातील वायुकांडाची ती काळरात्र प्रथम आठवते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्या दुर्घटनेच्या तीन वर्षे आधी, १९८१ साली, याच शहरात ध्रुपदाच्या शिक्षणासाठी एक सरकारी केंद्र सुरू झाले आणि उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर (१९३२–२०१३) यांची तेथे गुरुपदी नेमणूक झाली, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांस ठाऊक असते. उमाकांत व रमाकांत हे गुंदेचा बंधू आणि उज्जैनचे मराठी गायक उदय भवाळकर ही याच केंद्राची फळे होत. मैफलींतून जवळजवळ अस्तंगत झालेली एक गायकी या शिष्यांच्या गळ्यांतून पुन्हा उभी राहिली. पुढे फरीदुद्दीनसाहेबांचा देह आपल्या पनवेलजवळच्या पळस्पे येथे पडला, तेव्हा कोकणाशीही या परंपरेचे नाते आहेच.

आज आम्ही हा विषय काढला आहे तो मात्र गायनाच्या परीक्षणासाठी नव्हे. मंदिरांच्या स्मरणिकांतून आणि उत्सवाच्या पत्रकांतून अलीकडे 'ॐकाराचे सामर्थ्य विज्ञानाने सिद्ध झाले' अशा अर्थाची वाक्ये वारंवार वाचावयास मिळतात. सोबत एखादा रंगीत आलेख छापलेला असतो. वाचक तो पाहतो, त्याचा अर्थ त्याला लागत नाही, पण आपली श्रद्धा कोणी तरी प्रमाणित केली, या समाधानाने तो पान उलटतो. हे समाधान कितपत टिकाऊ आहे, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते. त्या विचारात भोपाळचे ध्रुपद ही एक उत्तम साक्ष आहे.

प्रथम त्या आलेखाची ओळख करून घेऊ. कोणताही ध्वनी अनेक साध्या कंपनांच्या मिश्रणाने बनतो, आणि गणिताने ती कंपने वेगळी काढता येतात. या रीतीचा पाया फ्रेंच गणिती फूरिये याने १८२२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात आहे. परंतु मूळ रीतीत एक उणीव होती. तीत कोणते स्वर लागले ते कळे, केव्हा लागले ते दिसत नसे. बंदिशीतील सगळे स्वर मोजून त्यांची यादी करावी, पण त्यांचा क्रम लिहू नये, तसाच हा प्रकार होता. म्हणून ध्वनीचे लहान लहान तुकडे करून प्रत्येकाचे पृथक्करण करण्याची पद्धत निघाली. आडव्या रेषेवर काळ, उभ्या रेषेवर कंपनसंख्या आणि जोराप्रमाणे गडद वा फिकट रंग, असे चित्र त्यातून मिळते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने बोलण्याची अशी चित्रे काढण्याचे यंत्र सिद्ध केले, आणि १९४७ साली त्यावरील ग्रंथ बाहेर पडला. पुढे १९८० नंतर 'वेव्हलेट' म्हणजे तरंगिका या नावाची आणखी एक रीत रूढ झाली. तीत उंच स्वरांसाठी आखूड आणि खालच्या स्वरांसाठी लांब तुकडा घेतला जातो.

या सर्व रीतींना एक बंधन आहे, आणि ते यंत्राच्या दोषामुळे आलेले नाही. डेनिस गाबोर या शास्त्रज्ञाने १९४६ साली ते मांडले. काळाचा तुकडा जितका लहान, तितकी कंपनसंख्या अस्पष्ट. कंपनसंख्या जितकी नेमकी हवी, तितका अधिक वेळ ऐकावे लागते. दोन कंपनसंख्यांतील अंतर सेकंदाला एक असेल, तर त्या अलग दिसण्यासाठी सुमारे एक सेकंद हवा. अंतर दहा असेल तर सेकंदाचा दहावा भाग पुरतो.

आता हे बंधन ध्रुपदाच्या आलापीस लावून पाहू. डागर परंपरेत असे मानतात की प्रत्येक रागाचा ऋषभ आणि गंधार आपापल्या जागी असतो. भैरवाचा कोमल ऋषभ निराळा आणि तोडीचा निराळा. कोमल ऋषभाची दोन प्रसिद्ध स्थाने घ्या. षड्ज १४४ कंपनांचा धरला, तर षड्ज-पंचमाच्या साखळीने मिळणारा ऋषभ सुमारे १५१.७ आणि सोळास पंधरा या प्रमाणाचा १५३.६ येतो. अंतर जेमतेम दोन कंपनांचे. नुसत्या मूळ स्वरावरून ते ओळखायचे तर अर्धा सेकंद तो स्वर स्थिर राहिला पाहिजे. द्रुत तानेत त्याला इतका अवधी मिळत नाही. विलंबित आलापीत तो सुखाने मिळतो. शिवाय गळ्यातून मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही निघतात, आणि पाचव्या उपस्वरात हेच दोन कंपनांचे अंतर जवळजवळ दहा होते. तंबोऱ्याच्या खर्जातून निघणारा स्वयंभू गंधार ज्यांनी लक्षपूर्वक ऐकला आहे, त्यांना उपस्वर म्हणजे काय हे सांगावयास नको. दीर्घ आलाप, भरीव आकार आणि सुरेल तंबोरा यांवर ध्रुपदियांनी दिलेला भर निव्वळ रूढीचा नव्हे. सूक्ष्म स्वरभेद प्रत्ययास येण्याची तीच अनुकूल परिस्थिती आहे. येथपर्यंत गणित परंपरेच्या बाजूने बोलते.

परंतु ते सर्वस्वी तिच्या बाजूने बोलत नाही, आणि हाच या साक्षीचा मोलाचा भाग आहे. श्रुतींचा शोध महाराष्ट्रास नवा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याचे साहाय्य घेऊन तारेच्या यंत्रावर श्रुती मोजल्या आणि १९१० साली बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी प्रबंध प्रसिद्ध केला. त्या काळी असे मोजमाप मनात आणणे हेच धाडस होते. तथापि तारेवर कानाने जुळवून मोजण्यात मोजणाराची अपेक्षा नकळत मिसळते. पुढे यंत्राने प्रत्यक्ष गायनवादनाची मापे घेतली, तेव्हा चित्र पालटले. नझीर जैराझभाय व स्टोन यांनी १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या मापनांत स्वरांची स्थाने कलावंतागणिक बदलताना दिसली. किंबहुना एकाच कलावंताच्या एकाच वादनातही ती स्थिर राहत नाहीत असे आढळले. मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्रात सुवर्णलता राव आणि विम व्हान डर मेर यांनी गायनाबरोबर पुढे सरकणारे स्वरालेख तयार केले. त्यांत स्वर हा ठोकलेल्या खुंटीसारखा दिसत नाही. तो येतो कोठून, डोलतो किती आणि जातो कोठे, यांतच त्याचे रूप आहे. भैरवाचा आंदोलित ऋषभ पाहा. त्याची एकच एक कंपनसंख्या सांगावी, हा प्रश्नच अपुरा ठरतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. यंत्राने बावीस ठराविक घरांचा आग्रह ढिला केला, म्हणून ध्रुपद लहान झाले नाही. गुरूने शिष्यास श्रुतीचा आकडा का सांगितला नाही, समोर बसवून तोच स्वर महिनेन् महिने का भरून घेतला, याचा उलगडा उलट त्या आलेखानेच होतो. ज्या तपासणीत आपली समजूत खोटी ठरण्याची सोय होती, तिनेच आपणांस काही नवे दिले.

आता ॐकाराकडे वळू. डागर परंपरेची अशी श्रद्धा आहे की, आलापीतील 'री', 'रे', 'न', 'नोम्', 'तोम्' ही अक्षरे ॐकारयुक्त हरिनामाच्या मंत्रातून आली आहेत. म्हणून ध्रुपद व जप हे विषय परस्परांस परके नाहीत. अमरावतीच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील दोन अभ्यासकांनी २००८ साली ॐकाराच्या उच्चाराचे काल-वारंवारता विश्लेषण एका नियतकालिकात प्रसिद्ध केले, आणि त्याचा पुष्कळ बोलबाला झाला. विदर्भातील एका शहरात बसून आधुनिक गणिताची साधने आपल्या घरच्या विषयास लावावी, ही उमेद आम्हांस कौतुकास्पद वाटते. परंतु उच्चाराच्या आलेखातील स्थैर्यावरून मनाच्या शांतीचा निष्कर्ष काढणे, ही उडी फार लांबची आहे. ध्वनिग्राहकाने टिपला तो कंठ आणि श्वास. कोणताही दीर्घ स्वर नित्य घोकला तर तो स्थिर होतो. भोपाळच्या केंद्रातील विद्यार्थ्यांचा खर्ज तसाच स्थिर झाला. हे स्थैर्य ॐकाराचे की अभ्यासाचे, हे ठरविण्यासाठी दुसऱ्या काही माणसांकडून तितकेच दिवस दुसरे एखादे अक्षर म्हणवून घ्यावयास हवे. तशी तुलना नसेल, तर आलेख कितीही सुबक असो, तो प्रश्नाचे उत्तर देत नाही. आणि शांतीविषयी बोलायचे, तर निदान हृदयाचे ठोके, श्वास व रक्तदाब यांची नोंद उच्चाराच्या बरोबरीने घेतलीच पाहिजे.

अशी नोंद झालेली आहे. इटलीतील बर्नार्डी व त्यांचे सहकारी यांनी तेवीस निरोगी माणसांवर केलेला प्रयोग २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. त्यांनी एक योगमंत्र म्हणवून घेतला आणि लॅटिन भाषेतील मरियेची प्रार्थनाही म्हणवून घेतली. दोहोंत श्वासाची गती मिनिटाला सुमारे सहावर आली, म्हणजे एका श्वासास दहा सेकंद. रक्तदाबात मुळातच सुमारे दहा सेकंदांची एक मंद लाट असते. श्वास तिच्याशी जुळला की हृदयाच्या ठोक्यांतील चढउतार ठळक व नियमित होतो, आणि रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते. गाबोरचे बंधन येथेही आहेच. दहा सेकंदांची लाट पाहायची तर काही मिनिटांची नोंद हवी. दोन-चार वेळा ॐ म्हणून तिचा पत्ता लागत नाही.

या निष्कर्षाने काही वाचकांस किंचित अवघडल्यासारखे होईल. गोमंतकातील ख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरी सायंकाळी चालणारा तेर्स आणि आपल्या घरची जपमाळ यांच्या बाबतीत श्वास आणि हृदय एकाच रीतीने वागतील, असे यावरून दिसते. आम्हांस त्यात उणेपणा वाटत नाही. पूर्वजांनी मंत्राची लांबी श्वासाच्या मापाने बेतली असेल, तर ते मनुष्यदेहाचे ज्ञान होते, आणि देह सर्वांचा सारखाच. मात्र 'केवळ आमच्याच अक्षरांत हे सामर्थ्य आहे' असे पत्रकात छापावयाचे असेल, तर हा पुरावा त्यास पुरत नाही. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बारा जणांच्या मेंदूची चित्रे ॐ म्हणताना घेतली, आणि तुलनेसाठी त्याच माणसांकडून 'स्‌ऽऽ' असा ध्वनीही करून घेतला. ॐ म्हणताना भावनांशी संबंधित भागांची क्रिया मंदावलेली दिसली, 'स' काराने तसे झाले नाही. संख्या अल्प आहे, म्हणून एवढ्यावर उत्सव करू नये. पण प्रश्न रास्त रीतीने विचारला गेला, हे मान्य केले पाहिजे.

आमचा आक्षेप आलेखास नाही, आलेखाच्या वापरास आहे. जप हा प्रत्ययाचा विषय आहे. ज्यास तो आला, त्यास यंत्राच्या शिफारशीची गरज नाही, आणि ज्यास आला नाही, त्यास ती पुरणार नाही. शिवाय आज अपुऱ्या प्रयोगावर उभे केलेले समर्थन उद्या दुसऱ्या प्रयोगाने कोसळले, तर त्याखाली श्रद्धाही सापडेल. तरुण पिढी हे हिशेब करते, हे विसरून चालणार नाही. म्हणून स्मरणिकांच्या संपादकांस आमची विनंती आहे की, असा आलेख छापण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावे: तुलना कशाशी केली, आणि किती माणसांवर? उत्तर नसेल तर ती जागा आपल्या देवळातील एखाद्या वृद्ध भजनी गायकाच्या आठवणींस द्यावी. तंबोऱ्याच्या साथीने, ध्वनिक्षेपकाच्या गोंगाटावाचून, त्यांचे गाणे पूर्ण लांबीने मुद्रित करून ठेवावे. उद्याच्या अभ्यासकास आलेख काढण्यासाठी तेच लागणार आहे, आणि ते काम आज आपल्यावाचून दुसरे कोणी करणार नाही.