कुर्ल्याचं दार

कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचं कौतुक करणारे बहुधा तिच्या पुढच्या जाळीपासून सुरुवात करतात. मला ती दाराच्या आतल्या बाजूने वाचावीशी वाटते. काच खाली-वर करायचं हँडल, त्यामागची गोल वाटी, रेक्झिन चढवलेला पुठ्ठ्याचा डोअर पॅड. हँडल कशाने धरलंय ते कुठेच दिसत नाही, आणि बनवणाऱ्याची खरी हुशारी तिथेच आहे.

त्या पिढीच्या गाड्यांत दोन रीती आढळतात. पहिलीत हँडल आणि ते ज्यावर बसतं ती दांडी यांच्या आरपार एक बारीक पिन असते. पॅडमागची स्प्रिंग वाटीला सतत बाहेर ढकलते आणि वाटी पिनेची दोन्ही टोकं झाकते. पिन घट्ट ठोकलेली नसतेच. वाटी बाजूला होत नाही म्हणून ती पडत नाही. एकच स्प्रिंग पॅडचा खडखडाट थांबवते आणि पिनेची राखणही करते. इतक्या कमी सामानात इतकं काम साधणारी रचना मला फार देखणी वाटते.

म्हणून हँडल काढताना इथे ओढायचं नाही, दाबायचं. दोन्ही अंगठ्यांनी वाटी दाराकडे रेटली की पिन दिसते. तिच्याहून किंचित बारीक खिळ्याने ती सरकवायची. दुसऱ्या रीतीत नालाच्या आकाराची क्लिप असते. तिथे सुती फडक्याची पट्टी हँडलमागे घालून दोन्ही टोकांनी आळीपाळीने ओढायची. क्लिपचं टोक धाग्यात अडकतं आणि ती सुटते. ती उडते, म्हणून वर दुसरं फडकं धरावं. पेचकस घुसवणाऱ्याला हँडल मिळतं, पण रेक्झिनवर पडलेला ओरखडा परत भरत नाही.

पालघर-बोईसरच्या पट्ट्यात हे काम आणखी नाजूक होतं. चिंचणी, केळव्याकडचा खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस पिनेला गंज चढवतात, पुठ्ठा फुगवतात. गंजलेल्या पिनेला आधी तेल पाजून रात्रभर ठेवावं. हातोडी नंतरची गोष्ट. पॅड उचकटताना रुंद, चपटी पट्टी पॅडला दाराशी धरणाऱ्या प्रत्येक क्लिपच्या अगदी शेजारी घालावी. लांबून जोर लावला की ओलसर पुठ्ठा क्लिपच्या भोकाशीच फाटतो.

पॅडमागे प्लास्टिकचा कागद असतो. पुष्कळजण तो कचरा समजून फाडतात. काचेवरून ओघळलेलं पाणी दाराच्या आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. त्या पाण्यापासून पॅडला वाचवणारा हाच कागद. भोकं मातीने बुजली की दार तळापासून कुजतं. इथल्या गाड्यांत सर्वात आधी हीच जागा तपासावी, तीही पावसाळ्यापूर्वी.

मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये संपल्या. खासगी हौशी लोकांच्या दारात अजून काही उभ्या आहेत, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातलं नवं हँडल आता येणार नाही. तारापूर एमआयडीसीच्या आसपास पिन घडवून देणारा लेथवाला सापडेल. जुना पॅड मात्र तसाच्या तसा पुन्हा घडवणं कठीण. म्हणून उघडण्याआधी काच पूर्ण वर करावी, हँडलचा कोन खडूने पॅडवर नोंदवावा आणि वाटी, स्प्रिंग, पिन निघाल्या त्याच क्रमाने ताटलीत मांडाव्यात.