बेलापूरचें अंगण

वास्तूचा विचार करतांना आपली दृष्टि भिंतींवर खिळते. भिंतींनीं वेढलेल्या पोकळीकडे ती सहसा जात नाहीं. नवी मुंबईंत बेलापूर येथें चार्ल्स कोरिया यांनीं सिडकोसाठीं १९८३ ते १९८६ या काळांत रचलेली ‘आर्टिस्ट्स व्हिलेज’ ही वसाहत या दृष्टीनें अभ्यसनीय आहे. आठ मीटर लांबरुंद अंगणाभोवतीं सात घरें, आणि अशा तीन पुंजांचा २१ घरांचा समूह, अशी तिची मांडणी. त्याच सुमारास मुंबईंतील ‘कांचनजंगा’ या उत्तुंग इमारतींत त्यांनीं घनांतून गच्च्यांची पोकळी कोरून काढली. येथें पोकळी आधीं, घन मागाहून.

परंतु या योजनेंत दोन तत्त्वें एकमेकांशीं झगडतात. शेजाऱ्याशीं सामाईक भिंत नाहीं. हेतु हा कीं, प्रत्येकानें ऐपतीप्रमाणें आपलें घर वाढवावें. अंगण मात्र सर्वांचें. ठेंगण्या कौलारू घरांच्या जागीं पुढें अनेकांनीं मजले चढविले. अंगणाची रुंदी तीच राहिली, पण त्यावरचें आकाश आटलें. हा रहिवाशांचा दोष म्हणावा, तर वाढीची मुभा मूळ रचनेंतच होती. घरें पालटलीं तरी अंगणाभोवतालची मांडणी ओळखूं येते, हें कोरियांचें यश होय. तथापि पोकळी राखावयाची, तर भोवतालच्या घनाच्या उंचीलाहि मर्यादा हवी, हा बोध विसरतां येत नाहीं.